दहावीचे दुसरे दार

(संस्थेच्या अँटॉप हिल येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणिसांनी मला विषय दिला आहे तो असा. नेहमीच्या शाळेत ज्यांचे जमले नाही, किंवा ज्यांचे जमू दिले गेले नाही, अशा मुलामुलींना दहावीपर्यंत पोहोचण्याच्या दुसऱ्या कोणत्या वाटा आहेत आणि त्या वाटांवर कोणकोणते विषय शिकायला मिळतात, हे सांगावे. विषय कोरडा वाटेल. विषयांच्या याद्या ऐकायला कोणी रविवारची सकाळ देत नाही. पण आपण सर्व जण आला आहात, पुढच्या रांगेत मुली बसल्या आहेत, मागे उभे असलेले काही जण गॅरेजमधून सुटी काढून आल्याचे त्यांच्या हातांवरूनच दिसते आहे. तेव्हा हा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे असे मी धरून चालतो.

आपल्या भागाचे चित्र आपणांस मी काय सांगावे! एका बाजूला केंद्र सरकारच्या नोकरांच्या वसाहती, त्यांचे सेक्टर, त्यांची झाडे. दुसऱ्या बाजूला संगमनगर, विजयनगर, कोकरी आगार, शेख मिस्री दर्ग्याचा परिसर. मधे एखादा रस्ता, तोही फार रुंद नाही. रस्त्याच्या एका बाजूच्या घरात दहावी नापास झालेला मुलगा ही मोठी दुर्घटना मानली जाते, घरात दोन दिवस चूल पेटत नाही. दुसऱ्या बाजूला मुलगा नववीत घरी बसला तर चार दिवसांनी तो कोणाच्या तरी कारखान्यात शिलाईला किंवा ट्रक टर्मिनसकडे हेल्पर म्हणून दिसू लागतो आणि कोणी फारसे विचारतही नाही. मुलींच्या बाबतीत तर ‘घरी बसली’ हा शब्दच पुरेसा होतो.

२००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा ते चौदा वयोगटातील सुमारे पंचवीस टक्के मुसलमान मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, नाही तर मधेच गळून पडली होती, असे त्यात नमूद आहे. त्याच अहवालाने आणखी एक गैरसमज दूर केला. आपली मुले सगळी मदरशांतच जातात असे जे बाहेर बोलले जाते, त्यात तथ्य नाही. मदरशांत जाणारी मुले अवघी तीन ते चार टक्के होती. म्हणजे बाकीची मुले सरकारी, पालिकेच्या, खाजगी शाळांतच जात होती आणि तिथूनच गळत होती. त्यानंतर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जागा मिळाली पाहिजे, ही जबाबदारी सरकारवर आली. परंतु चौदा वर्षे म्हणजे आठवी. आपली अडचण नेमकी आठवीनंतर सुरू होते. पालिकेच्या प्राथमिक शाळा आठ माध्यमांतून चालतात, उर्दूही त्यांत आहे. पण माध्यमिक शाळा त्या मानाने थोड्या. मुलाला शाळा बदलावी लागते, कधी माध्यमही बदलावे लागते, रस्ता लांबतो, आणि मुलगी असेल तर लांबलेला रस्ता हेच कारण होऊन बसते.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. काही शाळा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावतात आणि ‘बाहेरून परीक्षा द्या, सोपे जाईल’ असे गोड बोलून दाखला हातात ठेवतात. पालक बिचारे आभार मानून घरी येतात. माझे म्हणणे असे की, दाखला घेण्याची घाई करू नका. आज मी ज्या वाटा सांगणार आहे त्या चांगल्या आहेत. पण दिवसाची शाळा, रोजचे शिक्षक आणि बरोबरीची मुले यांची जागा त्या भरून काढू शकत नाहीत. जिथे शाळा खरोखरच सुटली आहे, किंवा पोटासाठी सोडावी लागली आहे, तिथेच त्यांचा उपयोग. २०१५ पासून दहावीच्या नापास विद्यार्थ्यांसाठी जुलैमध्येच फेरपरीक्षा होऊ लागली. एका-दोन विषयांत राहिलेल्या मुलाने आधी तिकडे पाहावे.

आता पहिली वाट, रात्रशाळा. ही आपल्या मुंबईची जुनी चीज आहे, आणि महाराष्ट्राची तर त्याहून जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसाला शिकायचे तर दिवा लावूनच शिकावे लागणार, इतका साधा विचार त्यामागे होता. पुढे मुंबईत प्रार्थना समाजाने कामकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि परळच्या गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये उभी राहिली. आपल्या समाजातही १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, बद्रुद्दीन तय्यबजींसारखी माणसे तिच्यामागे उभी राहिली. आणि १९३६ साली भायखळ्याला साबू सिद्दीक संस्थेने तंत्रशिक्षणाचे दार उघडले. हे सांगण्याचा हेतू एवढाच की, कामावरून येऊन शिकणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

रात्रशाळेत शिकवतात ते दिवसाच्या शाळेतलेच विषय. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. परीक्षा राज्य मंडळाचीच, प्रश्नपत्रिका तीच, गुणपत्रिका तीच. गुणपत्रिकेवर कोठेही ‘रात्र’ असा शिक्का नसतो. फरक वेळेचा आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वर्ग भरतात आणि साडेनऊपर्यंत सुटतात. दिवसाच्या शाळेला जे पाच-साडेपाच तास मिळतात, ते इथे तीनाच्या आत बसवायचे. त्यामुळे प्रयोगशाळा, खेळ, चित्रकला यांना पहिली कात्री लागते. मुंबईत ‘मासूम’ ही संस्था २००८ पासून रात्रशाळांना अल्पोपाहार, शैक्षणिक साहित्य आणि विज्ञानाच्या प्रयोगांसाठी मदत करीत आली आहे. पोटात काही असले तर मूल आठ वाजता डुलक्या देत नाही, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात न सापडणारे सत्य या मंडळींनी ओळखले. उलट बाजूने, २०१७ च्या शासननिर्णयाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी केले, आणि अनेक वर्ग ऐन वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकांवाचून राहिले. म्हणून रात्रशाळेत नाव घालण्यापूर्वी एक संध्याकाळ स्वतः जाऊन पाहून यावे. गणिताला कोण आहे, इंग्रजीला कोण आहे, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते.

रात्रशाळेचा एक मोठा गुण मात्र मी विसरणार नाही. तिथे वर्ग आहे. सतरा वर्षांचा मेकॅनिक, पस्तीस वर्षांची घरकाम करणारी बाई आणि नुकताच गावाहून आलेला मुलगा एका बाकावर बसतात. एकाने दांडी मारली तर दुसरा विचारतो. एकट्याने शिकणाऱ्याला हे विचारणारे कोणी नसते.

दुसरी वाट, सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी-बारावी देण्याचा हा अर्ज. एखाद्या शाळेमार्फत त्याची नोंदणी होते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. विषय नेहमीचेच असतात, निवड फारशी नाही आणि शिकवणारे कोणी नाही. ज्याचा अभ्यास आधीच बऱ्यापैकी झालेला आहे आणि फक्त परीक्षा राहिली आहे त्याला हे ठीक. इतरांना हा फॉर्म म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीचा पत्ता सांगण्यासारखे आहे.

तिसऱ्या वाटेवर मी जरा थांबणार आहे, कारण खरी निवड तिथे आहे आणि खरे धोकेही तिथेच. ही वाट मुक्त विद्यालयाची. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एक प्रयोग म्हणून मुक्त शाळा सुरू केली. १९८९ मध्ये तिची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झाली, आणि २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. बोलताना लोक एनआयओएस म्हणतात, मीही तसेच म्हणेन. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ पुण्याला आहे. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा टप्प्यांवर ते परीक्षा घेते. शाळेचे तोंडच न पाहिलेला मुलगा, अपंग मुलगी, शिकायची राहून गेलेली आई, यांना पाचवी किंवा आठवीपासून सुरुवात करण्याची सोय त्यात आहे.

एनआयओएसच्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण झाली की नाव घालता येते. वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे अम्मी आणि मुलगी एकाच वर्षी बसू शकतात, आणि मला वाटते बसावेही. पाच विषय घ्यायचे. त्यांत भाषा निदान एक, फार तर दोन. बाकीचे विषय यादीतून निवडायचे, आणि ही यादी पाहिली की नेहमीच्या शाळेत शिकलेल्या माणसाचे डोळे विस्फारतात. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे तर आहेतच. त्यांशिवाय अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन, लेखाकर्म, गृहविज्ञान, मानसशास्त्र, भारतीय संस्कृती आणि वारसा, चित्रकला, संगीत, संगणकावर माहिती भरण्याचे काम, असे कितीतरी. भाषांत मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी आहेत, तशाच अरबी आणि फारसीही आहेत. यांच्याच जोडीला एखादा व्यवसायविषय घेता येतो.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास. नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्या मुदतीत नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. आज दोन, सहा महिन्यांनी एक, पुढच्या वर्षी दोन, असे देता येतात, आणि जो विषय सुटला तो सुटला, पुन्हा द्यावा लागत नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत जे विषय पूर्वी सुटले आहेत, त्यांपैकी दोनपर्यंत इकडे वर्ग करून घेता येतात. उत्तीर्ण होण्यासाठी तेहेतीस टक्के. घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना वीस टक्के गुण असतात, ते इतक्यासाठी की वर्षभर हातात पुस्तक राहावे. हे स्वाध्याय दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा धंदाही काही ठिकाणी चालतो. ज्याने लिहून घेतले त्याने वीस गुण मिळवले आणि ऐंशी गुण गमावले, कारण परीक्षेत तोच हात लिहिणार असतो.

आता गणिताविषयी. या दहावीत गणित सक्तीचे नाही, विज्ञानही नाही. हे ऐकून मागच्या रांगेत जो उत्साह पसरला तो मी पाहिला! आपल्यापैकी पुष्कळ मुले गणितातच अडकली, त्यामुळे हा उत्साह समजण्यासारखा आहे. पण जरा पुढचे पाहा. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला जायचे तर दहावीला गणित आणि विज्ञान असणे ही प्रवेशाचीच अट आहे. अकरावीला विज्ञान शाखा किंवा तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा या दोन विषयांवाचून निभणार नाही. मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम करू इच्छिते, तर बारावीला इंग्रजी लागते. म्हणजे दहावीचे पाच विषय निवडताना मुलगा नकळत पुढची दारे उघडत किंवा लावत असतो. चित्रकला, गृहविज्ञान, भारतीय संस्कृती, हिंदी आणि माहिती भरणे असे पाच विषय घेऊन मुलगा एका वर्षात पास होईल, घरी पेढे येतील. आणि दोन वर्षांनी आयटीआयच्या खिडकीवर त्याला कळेल की आपण फिटर होऊ शकत नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी गणित घ्यावे असा नाही. शिवणकाम, चित्रकाम, दुकानदारी यांकडे ज्याचा ओढा आहे, त्याने व्यवसाय अध्ययन आणि लेखाकर्म घ्यावे. हिशेब लिहिणे आपल्या धंदेवाईक समाजाला परके नाही, फक्त ते वहीत लिहिण्याची सवय नाही. माझे सांगणे असे आहे की, आधी कुठे जायचे ते ठरवा, तिथल्या कचेरीत जाऊन अट विचारा आणि मग विषय घ्या. आपल्याकडे आधी सोपे विषय घेतले जातात आणि नंतर कुठे जायचे याचा विचार होतो. गणिताची धास्तीच असेल, तर नऊ संधींची सोय नेमकी त्यासाठी आहे. बाकीचे चार विषय आधी सोडवा आणि गणिताला दीड वर्ष द्या. नेहमीच्या शाळेत ही मुभा नव्हती, म्हणूनच मुलगा तिथे अडला.

मुलींच्या बाबतीत एक तक्रार नोंदवतो. अर्ज भरायला वडील किंवा भाऊ येतात आणि मुलीसमोर गृहविज्ञानावर खूण करतात. गृहविज्ञान हा हलका विषय नाही. आहार, आरोग्य, वस्त्रे, घराचा खर्च असे शास्त्र त्यात आहे आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षाही असते. पण मुलीला विचारा तरी. तिला कदाचित मानसशास्त्र हवे असेल, कदाचित विज्ञान. बिहारमध्ये या संस्थेने राज्य सरकारच्या मदतीने मुसलमान मुलींसाठी ‘हुनर’ या नावाने व्यवसायशिक्षणाची योजना राबवली, आणि शिवण, आरोग्यसेविकेचे काम यांसारखे कोर्स करायला मुली मोठ्या संख्येने घराबाहेर पडल्या. मुली येत नाहीत ही ओरड खोटी आहे. त्यांना बोलावले की त्या येतात.

भाषांचा प्रश्न आपल्या समाजात सर्वांत नाजूक, म्हणून तो जपून मांडतो. पाचांत भाषा फार तर दोन, हे मी सांगितले. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाचे पालक म्हणतात, उर्दू तर हवीच, इंग्रजीही हवी. झाल्या दोन. मराठी राहिली! राज्यातल्या पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत होते. तलाठी कचेरी, पालिकेचा वॉर्ड, न्यायालयाचा शिपाई, सगळीकडे मराठी. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, तो शाळेत असलेल्या मुलांसाठी. शाळेतून गळालेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? रत्नागिरी-रायगडकडची आपली कोकणी मंडळी घरात मराठीच्या कुशीतली बोली बोलतात, त्यांना मराठी सोपी जाते; उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांना ती अवघड वाटते. मग करावे काय?

यावर एक तोडगा आहे आणि तो फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. विषयाची भाषा आणि माध्यमाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनआयओएसच्या दहावीला उर्दू हे माध्यम आहे. मुलगा सामाजिक शास्त्रे, अर्थशास्त्र, गणित उर्दूतून शिकला, उत्तरे उर्दूत लिहिली, तर उर्दू त्याच्या हातातून जात नाही, उलट रोज वापरली जाते. मग भाषाविषय म्हणून त्याने इंग्रजी आणि मराठी घ्यावे. तीनही भाषा पदरात पडतात आणि नियमही मोडत नाही. मात्र दोन गोष्टी आधी तपासा: निवडलेल्या प्रत्येक विषयाचे पुस्तक उर्दूत हाती पडते आहे ना, आणि अभ्यासकेंद्रावर उर्दूतून समजावून सांगणारे कोणी आहे ना. पुस्तक नसताना माध्यम निवडणे म्हणजे नाव नसताना खाडी ओलांडायला निघणे.

मदरशातून हिफ्ज करून आलेल्या मुलांनी अरबीचा विचार जरूर करावा. वर्षानुवर्षे केलेल्या मेहनतीचा एक विषय तरी गुणपत्रिकेवर दिसला पाहिजे. पण अरबी आणि उर्दू अशा दोनच भाषा घेऊन इंग्रजी-मराठी दोन्ही सोडणे मला पसंत नाही. ज्याला पुढे मौलवी व्हायचे आहे त्यालाही बँकेचा अर्ज भरावा लागतोच.

आता व्यवसायाच्या अंगाने. आपला मुलगा हातात पाना घेऊन मोठा होत असेल, तर त्याच्या हुनरला कागद मिळाला पाहिजे. गॅरेजमध्ये सहा वर्षे काम केलेला मुलगा इंजिन उघडून पुन्हा बसवतो, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला दारातूनच परत पाठवतात, कारण त्याच्याकडे आयटीआय नाही, आणि आयटीआय नाही कारण दहावी नाही. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना शिक्षणाची अट खालची आहे. दहावी न झालेल्या मुलाने आधी तिकडे चौकशी करावी. २०१६ साली केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय आणि एनआयओएस यांच्यात करार झाला. त्यानुसार आयटीआय पुरे केलेल्या मुलाचे ट्रेडचे विषय दहावीला धरले जातात आणि भाषेसह थोडे विषय देऊन त्याला दहावीचे प्रमाणपत्र मिळवता येते. म्हणजे दहावी आधी आणि आयटीआय नंतर, हाच एक क्रम राहिलेला नाही; काहींना तो उलटा करता येतो.

जे अजून दिवसाच्या शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: राज्यात तांत्रिक माध्यमिक शाळांची जुनी परंपरा आहे, धोबीतलावचे एल्फिन्स्टन टेक्निकल आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. आपल्याच भागात पालिकेने २०२१ साली काणेनगर आणि प्रतीक्षानगर येथे सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या आणि माटुंग्याला त्याआधी आयसीएसईची. पालिकेची शाळा म्हणजे गरिबांची शेवटची गाडी, ही समजूत आता जुनी झाली आहे. लहान मुलांच्या पालकांनी तिथे जाऊन यावे, म्हणजे पुढे माझे हे व्याख्यान ऐकण्याची वेळ येणार नाही.

‘मुक्त विद्यालयाची दहावी खरी की खोटी?’ हा प्रश्न मला चहाच्या दुकानापासून निकाहाच्या मांडवापर्यंत सर्वत्र विचारला जातो. खरी आहे. उच्च शिक्षणाला चालते, सरकारी नोकरीला चालते. तथापि हा मान सहज मिळालेला नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत २०१८ साली अशी दुरुस्ती केली गेली की मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्याला नीट परीक्षेला बसताच येऊ नये. विद्यार्थी न्यायालयात गेले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा परीक्षेचा हक्क मान्य केला. परिस्थितीमुळे शाळेत न गेलेल्या मुलांना अपात्र ठरवणे हा अन्याय आहे, ही गोष्ट कोणी तरी न्यायालयापर्यंत नेली म्हणून पुढच्या मुलांची सोय झाली.

आणि खोटी आहे ती दुसरीच. रेल्वेच्या डब्यात, विजेच्या खांबावर, हल्ली मोबाइलवरही जाहिराती येतात: एका महिन्यात दहावी, परीक्षेला बसण्याची गरज नाही, मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मिळेल. ही मंडळे कागदावरच असतात. नावे मात्र भारदस्त, दिल्ली आणि बोर्ड हे दोन शब्द हमखास असतात. गरीब बाप दागिना गहाण टाकून पैसे भरतो, मुलगा प्रमाणपत्र घेऊन नोकरीला लागतो, आणि तीन-चार वर्षांनी पडताळणी झाली की नोकरीही जाते, गुन्हाही नोंदतो. गुन्हा विकणाऱ्यावर क्वचित, विकत घेणाऱ्यावर मात्र नक्की. अशा एका तरुणाचे कागद मी पाहिले आहेत. त्याचे अक्षर सुंदर होते, तो खरी परीक्षा आरामात पास झाला असता. तेव्हा परीक्षेला न बसता जो दहावी देतो, त्याच्याकडून घ्यायचे नाही, ही कसोटी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाशिवाय लावता येते. नोंदणी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा मान्य अभ्यासकेंद्रावरच करावी, फी भरल्याची पावती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने घ्यावी, आणि मूळ दाखला कोणत्याही क्लासवाल्याकडे ठेवू नये. झेरॉक्स द्या, मूळ नको.

राहता राहिला अभ्यास कुठे करायचा हा प्रश्न. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, एक टीव्ही, एक पंखा. पुस्तक उघडायला जागा नाही. मुक्त विद्यालय म्हणते, घरी शिका. ज्याने हे लिहिले त्याचे घर मोठे असले पाहिजे. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शनाचे काही वर्ग असतात, पण ते पुरत नाहीत. म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे आज सर्वांसमोर एक मागणी करतो. हा हॉल लग्नसराई सोडली तर रात्री रिकामाच असतो. आठ ते अकरा तो उघडा ठेवावा. दोन ट्यूबलाइट, सतरंज्या आणि देखरेखीला एक जबाबदार माणूस, एवढेच हवे. मुलींसाठी दुपारची वेळ वेगळी ठेवा, त्या वेळी घरातली कामे उरकलेली असतात आणि उजेडात घरी परतता येते. आपल्या समाजातल्या कॉलेजात गेलेल्या मुलांनी आठवड्यातून एक-एक संध्याकाळ गणित आणि इंग्रजीला दिली, तर क्लासची फी वाचेल. पैसे मागत नाही, संध्याकाळ मागतो आहे. ती पैशापेक्षा महाग असते हे मला ठाऊक आहे.

नोंदणीसाठी येताना विद्यार्थ्याने स्वतः यावे. जन्मतारखेचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला किंवा शेवटची गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो आणि पूर्वी नापास झाला असेल तर ती गुणपत्रिकाही आणावी. ती लपवण्याची वस्तू नाही, तिच्यातले सुटलेले दोन विषय कामी येतात. नावाचे स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते आज घरी जाऊन पाहा. आपल्याकडे मोहम्मद हे एकच नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असते आणि त्यासाठी पुढे प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते.

माझे बोलणे इथेच थांबवतो, कारण चिटणिसांनी अर्धा तास प्रश्नांसाठी राखून ठेवला आहे. विषयांच्या यादीच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर मराठीत आणि उर्दूत ठेवल्या आहेत. पहिले प्रश्न मुलींनी विचारावेत, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी विचारू नयेत, एवढी अध्यक्षांना विनंती आहे.